बॉनेटवर राहिलेले चरे, बंद झालेले वॅक्स आणि स्वतः गाडी सांभाळणारे ग्राहक : एका अभिप्रायाला उत्तर

आदरणीय महोदय,

आमच्या डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीची सखोल स्वच्छता आणि पॉलिश करण्याच्या, कामाला दोन तारे देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी पूर्ण वाचला. बॉनेटवरील दोन चरे पॉलिशनंतरही तसेच राहिले, हाताने वॅक्स लावण्याची सेवा आम्ही यादीतून काढून प्रत्येकाला सिरॅमिक कोटिंग (रंगावर घट्ट बसून दीर्घकाळ टिकणारा पारदर्शक संरक्षक थर) सुचवतो आणि घरी स्वतः काम करणाऱ्यांसाठीचे सामान आमच्याकडे आता नावापुरतेच उरले आहे, अशा आपल्या तीन तक्रारी आहेत. शेवटी आपण लिहिले आहे, ‘हे दुकान आता गाडीला स्वतः हात न लावणाऱ्यांसाठी चालते.’ हे वाक्य वाचल्यावर दोन ओळींचे ठरावीक उत्तर देऊन मोकळे होणे मला पटले नाही.

बॉनेटपासून सुरुवात करतो. मशीन लावण्यापूर्वी आम्ही प्रत्येक भागावर रंगाची जाडी मोजतो. कारखान्यात दिलेला रंग प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअर कोटपर्यंत सर्वसाधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरतो आणि त्यातला क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचाच असतो. आपल्या बॉनेटच्या मध्यभागी मीटरने १०४ मायक्रॉन दाखवले. पुढच्या कडेला मात्र, जिथे हे दोन चरे आहेत, तिथे आकडा ८१ ते ८४ च्या पुढे गेला नाही. मीटर सगळ्या थरांची एकत्रित जाडी सांगतो, क्लिअर कोट वेगळा मोजत नाही, त्यामुळे अशा जागी शिल्लक कमीच आहे असे धरून चालावे लागते. चऱ्यावरून नख आडवे फिरवले तेव्हा ते अडकत होते. नख अडकण्याइतका खोल चरा पूर्ण घालवायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचा सगळा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत उतरवायचा. तसे केले असते तर गाडी नेताना आपले समाधान झाले असते, पण उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारा थर त्या कडेला उरला नसता, आणि काही काळाने तिथे पांढुरके डाग पडून पापुद्रे सुटू लागले असते. त्यावर पॉलिशने इलाज होत नाही, तो भाग नव्याने रंगवावाच लागतो. म्हणून आम्ही चऱ्यांच्या कडा बोथट केल्या, त्यामुळे त्यांवर प्रकाश पूर्वीइतका चमकत नाही, आणि तिथेच थांबलो. तेलकट ग्लेझ भरून ते तात्पुरते झाकता आले असते, परंतु काही धुण्यांत ते पुन्हा उघडे पडतात. आमच्याकडे गाडी परत देण्यापूर्वी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सगळे तेल काढले जाते, म्हणजे ग्राहकाला दिसते तेच खरे असते.

आपल्या अनुभवाबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि आपला राग कुठून आला तेही मला समजते. आपण ज्या काळात हे काम शिकलात तेव्हा बऱ्याच गाड्यांवर एकथरी रंग असे. पृष्ठभाग खडूसारखा फिका पडला की कंपाउंडने, म्हणजे खरखरीत पॉलिशने, घासायचा, कापडाला गाडीचाच रंग लागायचा आणि खालून तकतकीत, ताजा रंग वर यायचा. रंगद्रव्य संपूर्ण थरात असल्यामुळे घासण्याला तो थर बराच काळ पुरत असे. १९८० च्या दशकापासून बेस कोट (रंगाचा थर) आणि त्यावर क्लिअर कोट ही पद्धत पसरत गेली, तसा हा हिशेब उलटा झाला. आता पॅडला गाडीचा रंग लागला तर क्लिअर कोट संपल्याची ती खूण असते आणि मशीन त्याच क्षणी बंद करायचे असते. एके काळी जे काम नीट झाल्याचे लक्षण होते, तेच आज नुकसान झाल्याचे लक्षण आहे. पूर्वीची सवय मुरलेल्या हाताला हे कडेला थांबणे अर्धवट काम वाटते, हे मी अनेक जाणत्या ग्राहकांच्या बाबतीत पाहिले आहे.

वॅक्सविषयी. कार्नौबा या ताडजातीच्या झाडापासून मिळणाऱ्या वॅक्सची झाक मला आजही आवडते, विशेषतः गडद लाल आणि काळ्या रंगावर. ती काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकते आणि पुन्हा लावण्यातच तिचा आनंद असतो. परंतु हा आनंद घेणारे ग्राहक कमी होत चालले आहेत. नवे गाडीमालक गाडी काही वर्षांतच बदलतात, ती दुसऱ्याकडून धुऊन घेतात आणि एकदा केलेले काम दीर्घकाळ टिकावे अशी त्यांची अपेक्षा असते. त्यांच्यासाठी कोटिंग योग्य आहे आणि आम्ही ते सुचवतो. मात्र त्याविषयी जे खोटे पसरवले जाते ते आमच्याकडे कोणीही सांगत नाही. कोटिंगचा थर अतिशय पातळ असतो. ‘९एच’ हा आकडा पेन्सिलने ओरखडे काढून पाहण्याच्या चाचणीतला आहे, आणि मळक्या फडक्याने पुसलेल्या कोटिंगवरही जाळीसारखे बारीक ओरखडे उठतात. उडणाऱ्या खड्यांपासून वाचायचे असेल तर जाड पॉलियुरेथेनची फिल्म, म्हणजे पीपीएफ, हाच पर्याय आहे. ज्यांना स्वतः दर दोन महिन्यांनी वॅक्स लावायचे आहे, त्यांनी कोटिंग करून घेऊ नये, असे मी आपल्याला त्या दिवशीही सांगितले होते आणि इथेही लिहितो.

गाड्याही बदलल्या आहेत. मॅट रंगावर पॉलिश चालवले तर तो डागाळल्यासारखा चकाकतो आणि पूर्ववत होत नाही; खिडक्यांमधल्या काळ्या चकचकीत पट्ट्यांवर कोरड्या कापडाचाही ओरखडा उठतो; काही गाड्यांत बंपरच्या मागे रडार असल्याने त्यावर काय लावावे याला उत्पादकाने मर्यादा घातलेल्या असतात. शिकून घ्यायच्या गोष्टी वाढत गेल्या आणि कर्मचाऱ्यांचा वेळ तिकडे गेला.

आता सामानाविषयी, कारण आपले सर्वांत मोठे दुखणे तेच आहे असे मला वाटते. मोठे डबे आम्ही कमी केले, कारण घेणारे कमी झाले आणि न खपलेले पॉलिश ठेवून ठेवून फाटते, त्यातले द्रव आणि कण वेगळे होतात. आमच्याकडे वर्षानुवर्षे येणारे बरेच शौकीन आता साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या आवडीत काहीही फरक पडलेला नाही, पण खांदा, मनगट आणि गुडघे पूर्वीसारखी साथ देत नाहीत. याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही आणि मग माणूस एक दिवस ठरवतो की आता हे सोडूनच द्यावे. मला ते मनापासून नको आहे. तासन्‌तास थरथरणारे मशीन धरल्याने बोटांना मुंग्या येणे, थंडीत ती पांढरी पडणे हे खरे त्रास आहेत आणि ते अंगावर काढू नयेत. वयानुसार डोळ्यांना सूक्ष्म फरक ओळखायला अधिक प्रकाश लागतो. गडद रंगावर पॉलिशनंतर राहणारा धूसरपणा साध्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, पण हातात धरायचा एलईडी दिवा तिरका धरला की लगेच उठून दिसतो. जुने रोटरी मशीन एका जागी क्षणभर जास्त राहिले तरी कडा जाळते. त्याऐवजी ३ इंची पॅडचे लहान ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (ज्याचे पॅड फिरता फिरता डोलतेही) घेतले तर वेळ अधिक लागतो, पण चुकीला क्षमा मिळते आणि खांद्यावर भारही कमी येतो. फार मळलेली नसेल अशी गाडी नंतर पाण्याने धुवावी न लागणाऱ्या ‘रिन्सलेस’ शाम्पूने, भिजलेल्या मऊ मायक्रोफायबरने एकेक भाग पुसत स्वच्छ करता येते, आणि भरलेल्या बादल्या उचलण्याचे श्रम कमी होतात. खालचे पट्टे पुसायला चाकांचे बसके स्टूल वापरावे.

हे सामान, म्हणजे लहान मशीन, लहान पॅड, दिवा आणि पॉलिशच्या छोट्या बाटल्या, आमच्याकडे आहे, आणि आपण नेहमी वापरता ते पेस्ट वॅक्सही मागवून ठेवले आहे. यादीतही एक बदल केला आहे. धुणे, क्ले बार (रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) आणि मशीनचे काम आम्ही करायचे व शेवटचा वॅक्सचा हात ग्राहकाने स्वतः, हवे तर आमच्याच शेडमध्ये, चांगल्या दिव्याखाली द्यायचा, असे काम आता स्वतंत्रपणे घेता येईल, आणि त्याचे शुल्क पूर्ण कामापेक्षा अर्थातच कमी असेल. आपल्या बॉनेटच्या मोजमापाचे पत्रक मी काढून ठेवले आहे. ते आपल्या गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे आणि पुढे कोणीही, आम्हीसुद्धा, मशीन लावायला घेतले तर आधी दाखवावे. पुढच्या कडेला मास्किंग टेप लावल्याशिवाय कोणालाही पॉलिश करू देऊ नका, आणि तिथे कंपाउंड तर अजिबात नको. घासणारे कण नसलेले वॅक्स मात्र हवे तितक्या वेळा लावा, त्याने रंगाची जाडी कमी होत नाही.