वाड्याच्या उंबऱ्याशी अडलेली चेतक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गियरच्या जुन्या बजाज चेतक स्कूटरविषयी मी गेल्या आठवड्यात लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी सावकाश वाचली आणि दोन दिवस थांबून हे उत्तर लिहितो आहे. ज्यांच्या नजरेतून ती निसटली असेल त्यांच्यासाठी आपले तीन आक्षेप आधी नोंदवतो. गियरची स्कूटर घाटात अधिक सुरक्षित असते हे माझे विधान चुकीचे आहे. गाडी तिरकी करून किक मारण्याचे मी जे कौतुक केले, तो वस्तुतः गाडीतला दोष होता. आणि माझ्या लेखात स्कूटर चालवणारे सगळे पुरुष असून बायका केवळ मागे, एका बाजूला पाय सोडून बसलेल्या आहेत; पुण्यातल्या बायकांना खरे वाहन मिळाले ते गियर गेल्यावरच, हे मी लिहिलेच नाही.

पहिल्या आक्षेपावर माझ्याकडे बचाव नाही. सिंहगड उतरताना गाडी दुसऱ्या गियरमध्ये ठेवली की इंजिनच तिला धरून ठेवते, असे मी लिहिले होते. फोर-स्ट्रोक मोटारसायकलला ते लागू पडते. चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक होते आणि अशा इंजिनाचा उतारावरचा रोध मुळातच कमी असतो. त्याहून मोठी गोष्ट माझ्या लक्षातून गेली, ती म्हणजे त्या इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असे. लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की पेट्रोल जवळजवळ थांबते, त्याच्याबरोबर ऑइलही थांबते, आणि चाक मात्र इंजिनाला जोरात फिरवत राहते. अशा वेळी पिस्टन जाम होण्याचा धोका असे. माझे वडील कात्रजचा घाट उतरताना मधूनच क्लच दाबून ॲक्सिलरेटर पिळत आणि मागे बसलेल्या मला ती त्यांची निव्वळ खोड वाटे. ते इंजिनाला ऑइल पाजत होते, हे आपली प्रतिक्रिया वाचेपर्यंत मी कधी जुळवून पाहिले नव्हते. बिनगियरच्या गाडीबद्दल एवढेच राखून ठेवतो की वेग फार कमी झाला की तिचा क्लच आपोआप सुटतो, आणि मग उतारावर सगळी मदार दोन्ही ब्रेकवर राहते.

तिरक्या गाडीबाबत मात्र मी अर्धाच मागे हटेन. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कार्ब्युरेटरमधले पेट्रोल थोडे उडून गेलेले असते. गाडी कलवली की फ्लोट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) हलतो आणि जादा पेट्रोल आत उतरते, म्हणजे थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणाऱ्या चोकचेच काम शंभर किलोंच्या आसपासची अख्खी गाडी हलवून केले जाते. (गाडी नेमकी कोणत्या बाजूला कलवायची यावर आमच्या आळीत दोन पक्ष होते आणि दोन्ही पक्षांच्या गाड्या सुरू होत.) कलवणे जास्त झाले की प्लग ओला होई आणि मग पेट्रोलचा कॉक बंद करायचा, डिकीतला प्लगपाना काढायचा, प्लगवरचा काळा थर पॉलिश पेपरने घासायचा, असा पाऊण तासाचा कार्यक्रम ठरलेला असे. तो दोष होता हे मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच होते की तो दोष चालकाला स्वतःच्या हातांनी काढता येत होता. माझी आजची, कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेली गाडी रस्त्यात बंद पडली की मी खिशातून फक्त मोबाईल काढू शकतो.

आता तिसरा आक्षेप. लेखात बायका मागे बसलेल्या आहेत हे खरे आहे, आणि त्याची मला जास्त लाज वाटते, कारण आमच्या घरात दोन गाड्या होत्या व त्यातली एक आईची होती. चेतक बाजारात आली 1972 साली. फिरोदियांची लुना, म्हणजे पेडलची हलकी मोपेड, हीही त्याच वर्षी आली, आणि आईची गाडी तीच. मी एकीवर दीड हजार शब्द लिहिले आणि दुसरीचा उल्लेखही केला नाही.

तरीही ‘गियर हाच अडसर होता’ हे आपले निदान मला पटत नाही. माझी मावशी त्या काळी फियाट चालवत असे. त्या गाडीचा गियर स्टिअरिंगला जोडलेला, क्लच जड, आणि तरी ती लक्ष्मी रोडवरून दिवाळीच्या गर्दीत गाडी काढत असे. त्याच मावशीला आमची चेतक मेन स्टँडवर घेता येत नसे आणि साडी सावरून किक मारणे तर अशक्यच होते. अडसर होता तो वजनाचा, स्टँडचा आणि किकचा. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचा उंबरा गुडघ्याएवढा होता. रोज संध्याकाळी वडील त्यावर फळी टाकत, इंजिन चालू ठेवून पहिल्या गियरवर स्कूटर चढवत, आणि पावसात फळी ओली असली की मला मागून रेटायला लावत. आई यायची ती लुनाचे पुढचे चाक उचलून उंबऱ्यावर टेकवायची, मग मागून कॅरियरला धरून गाडी आत सारायची. तिला कोणाला हाक मारावी लागत नसे. पेट्रोल संपले तर पेडल मारत घरी येता येई, ही आणखी एक सोय होती.

कायद्यानेही ही वाट सोपी केली होती. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे 50 सीसीपर्यंतची दुचाकी सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर चालवता येते आणि बिनगियरच्या गाडीचा परवाना वेगळा असतो. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुली त्याच परवान्यावर कॉलेजला येत. मात्र 1984 मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने जे केले ते मला अधिक निर्णायक वाटते, कारण गियर गेला त्याबरोबर तिला बटणाचा स्टार्टही होता. बजाजने पुढे क्रिस्टल ही बिनगियरची स्कूटर काढून पाहिली आणि तरीही डिसेंबर 2009 मध्ये स्कूटरचा धंदाच सोडण्याची घोषणा केली. तेव्हा नुसता गियर काढल्याने गाडी चालते असेही म्हणता येणार नाही. जानेवारी 2020 मध्ये चेतक पुन्हा आली ती विजेवर चालणारी होती. तिला गियर नाही, किक नाही, उलट रिव्हर्स आहे. वाड्याच्या दारात अडकलेली गाडी मागे घेण्याचे कष्ट ज्यांनी काढले आहेत त्यांनाच त्या रिव्हर्सचे मोल कळेल.

सिंहगडाविषयीचे वाक्य मी मूळ लेखातून आज काढले आहे आणि लुनाचा परिच्छेद नव्याने जोडला आहे. तो आईला वाचून दाखवला, तेव्हा तिने एकच दुरुस्ती सुचवली : स्टँडवर पेडल मारून गाडी सुरू करताना साडीच्या काठाला चेनचे काळे ऑइल लागायचे आणि ते रॉकेलशिवाय निघायचे नाही, हे लिहायला हवे. तेही लिहिले आहे. परिच्छेदासोबत घरात सापडलेला लुनाचा एकमेव फोटो टाकतो आहे; त्यात गाडीवर वडील बसलेले आहेत.