पापणीची घडी आणि वीस मिनिटांचा टाका

लग्नसराई जवळ आली की गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. "दोन्ही पापण्यांवरची घडी सारखी नाही? एकाच पापणीवर दोन-तीन घड्या पडतात? हा दोष आहे. कोरियाहून आलेल्या नव्या तंत्राने, न कापता, एका टाक्यात वीस मिनिटांत कायमचा जातो. शनिवारी ऑपरेशन, रविवारी समुद्रावर. ऑपरेशन नको तर रोज टेप लावा, घडी आपोआप बसते. उशीर केलात तर पापणी खाली येईल." म्हापशात मी डोळे तपासण्याचं काम करते. हा मजकूर मोबाईलवर उघडून माझ्यासमोर धरणाऱ्या मुली डिचोली-पेडण्याहून येतात, आणि बहुतेकींच्या डोळ्यांना काहीही झालेलं नसतं. मजकुरातला एकही दावा जसाच्या तसा खरा नाही.

आधी "दोष". वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूला लेव्हेटर म्हणतात. त्याच्या पातळ पडद्याचे तंतू पापणीच्या कातडीला आतून धरून असतात. डोळा उघडला की धरलेल्या जागी कातडी आत ओढली जाते आणि घडी पडते. हे तंतू डावी-उजवीकडे अगदी एकाच उंचीवर असतील असं नाही, म्हणून थोडा फरक कितीतरी चेहऱ्यांवर असतो. जास्तीच्या घड्या पडायलाही साधी कारणं असतात. वय वाढलं किंवा वजन झपाट्याने उतरलं की पापणीतली चरबी कमी होते, वरचा भाग खोल जातो आणि तिथे नव्या रेघा उमटतात. ॲलर्जीमुळे वर्षानुवर्षं डोळे चोळणाऱ्यांच्या पापण्या सैलावतात. जागरणाने आलेल्या सुजेमुळे सकाळची घडी संध्याकाळी बदललेली असते. अशा पापणीवर सुरी चालवण्याआधी ॲलर्जीचं औषध आणि झोप यांना संधी द्यायला हवी.

पण मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. घडीकडे बघता बघता पापणीच्या कडेकडे कुणी बघत नाही. बाहुलीवर टॉर्च धरला की मधोमध उजेडाचा ठिपका दिसतो. तिथून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर साधारण 4 ते 5 मिलिमीटर असतं. एका डोळ्यात ते कमी भरलं तर पापणी उतरलेली आहे. डॉक्टर याला टोसिस म्हणतात. वयामुळे किंवा बरीच वर्षं कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्याने लेव्हेटरचा पडदा सुटत जातो, तेव्हा पापणी खाली येते आणि घडी मात्र वर सरकते. मेंदू मग भुवई उचलून धरतो. त्यामुळे उंच, ठसठशीत घडीचा डोळा लोकांना सुंदर वाटतो आणि आजारी असतो तोच. येणारी मुलगी म्हणते, "ताई, दुसऱ्या डोळ्याची घडी लहान आहे, ती मोठी करायची आहे." म्हणजे ऑपरेशन धडधाकट डोळ्याचं! त्यात आणखी एक गुंता आहे. दोन्ही पापण्यांना उचलण्याचा हुकूम मेंदूकडून सारखाच जातो. उतरलेली पापणी वर केली की त्या हुकुमाचा जोर कमी होतो आणि आजवर ठीक दिसणारी दुसरी पापणी खाली येऊ शकते. चांगला सर्जन उतरलेली पापणी बोटाने उचलून दुसरीचं काय होतं ते आधीच पाहतो. वीस मिनिटांच्या जाहिरातीत या तपासणीला जागाच नाही.

"नवं तंत्र" म्हणाल, तर टाक्याने घडी पाडण्याची पद्धत मिकामो या जपानी डॉक्टरांनी 1896 मध्ये छापून प्रसिद्ध केली होती. ती होती ज्यांच्या पापणीवर घडीच नसते अशांसाठी. आपल्याकडे बहुतेकांना घडी असतेच. तक्रार असते ती जास्तीच्या घडीची. कातडी पातळ असेल, खालची घडी नुसती कमजोर असेल, तर टाक्याने ती पक्की करून वरची रेघ मागे टाकता येते, हे मान्य. पण वरची घडी आतल्या चिकटलेल्या पेशींमुळे पडत असेल तर ते चिकटलेलं सोडवावं लागतं, आणि त्यासाठी कापावं लागतं. पोकळीमुळे पडत असेल तर स्वतःचीच चरबी भरतात किंवा फिलर, म्हणजे पोकळी भरणारं इंजेक्शन, देतात. हे फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. असं क्वचित होतं, पण हे न सांगता सुई टोचणाऱ्याकडे जाऊ नये. टोसिस असेल तर लेव्हेटर घट्ट करायचा, कातडी जास्त झाली असेल तर ती मोजून काढायची. प्रमाणाबाहेर काढली तर डोळा पूर्ण मिटत नाही आणि कोरडा पडतो. आणि टाका "कायमचा" नसतो. काहींच्या बाबतीत तो सैल होतो आणि घडी पुसट होते. कापून केलेली घडी टिकते, पण तीही दोन्हीकडे तंतोतंत सारखी येईल याची हमी कुणी देऊ नये.

रविवारच्या समुद्राचं थोडक्यात सांगते. कापून केलं तर टाके साधारण आठवड्याभराने निघतात, ठळक सूज दोन-तीन आठवडे राहते आणि घडीचा शेवटचा आकार दिसायला महिने लागतात. मिरामार-कळंगुटची वाळू, खारं पाणी आणि ऊन ताज्या जखमेला नकोच. पहिल्या दिवशी फार दुखू लागलं, डोळा बाहेर आल्यासारखा वाटला, दिसणं अंधुक झालं, तर आत रक्त साठत असण्याची शक्यता असते. त्या वेळी सर्जन जवळ हवा, ऑपरेशन करून विमानाने आपल्या गावी परतलेला नव्हे. लग्नाच्या महिन्यात हे ऑपरेशन करू नका.

टेप लावल्याने घडी दिसते ती टेप असेपर्यंत. रोजच्या ओढाताणीने कातडी लाल होते, खाजते, ताणली जाते.

उरला "उशीर". मोठ्या माणसाची जन्मापासूनची विषम घडी उशिराने बिघडते असं नाही; वर्षभर विचार करून ठरवलंत तरी काही हरवत नाही. घाई दोनच ठिकाणी. लहान मुलाची पापणी बाहुली झाकत असेल तर तो डोळा बघायला शिकतच नाही, आळशी होतो. त्याला लगेच नेत्रतज्ज्ञांकडे न्या. आणि पापणी अचानक उतरली, एकाचे दोन दिसू लागले, एका डोळ्याची बाहुली मोठी किंवा लहान झाली, तर हा घडीचा प्रश्न नाही. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगाही यामागे असू शकतो. रात्र असली तरी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) तातडीच्या विभागात जा. पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी उतरलेली असेल तर मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराची, तपासणी करून घ्या. डॉक्टरांकडे जाताना काही वर्षांपूर्वीचा, समोरून काढलेला एखादा फोटो सोबत ठेवा; फरक जुना की नवा, हे त्यावरून लगेच कळतं.