पाहुण्याला झोप लागू नये यासाठी खोली कशी सजवावी

हॉटेल काढताय? की आहे त्या हॉटेलच्या खोल्यांना नवा साज चढवताय? अभिनंदन! डिझायनर ठरलाय, लॅमिनेटचे नमुने टेबलावर पसरलेत, बजेट फुगून झालंय. आता एकाच गोष्टीपासून जपायचं. या खोलीत कुणीतरी झोपणार आहे, असला विचार मनात येऊ द्यायचा नाही. आलाच तर तिथल्या तिथे झटकून टाका. खोलीचा फोटो निघतो, फोटो बुकिंगच्या पानावर चढतो, फोटो बघून गिऱ्हाईक पैसे भरतं. पुढे ते झोपतं की रात्रभर छताकडे बघत पडतं, हा त्याचा घरगुती प्रश्न.

नुकताच अशाच एका देखण्या खोलीत आईला घेऊन राहून आलो. डोळ्यांची लाली अजून उतरलेली नाही, तेव्हा माझा अभ्यास ताजा आहे असं समजा.

पहिला मान पलंगाचा. 1999 साली वेस्टिन हॉटेलांनी ‘हेवनली बेड’ नावाने नखशिखान्त पांढरा पलंग आणला आणि बघता बघता जगभरच्या हॉटेलांत पांढऱ्याची लाट आली. त्यात अक्कल होती. त्याआधी पलंगांवर फुलाफुलांचे जाडजूड पलंगपोस असायचे, कितीही डाग पचवून ढेकर न देणारे. पांढऱ्यावर लपवाछपवी चालत नाही. धुतलेलं आहे की नाही ते पाहुण्याला दारातूनच दिसतं. तुम्ही मात्र ही अक्कल झाकायची. पायथ्याशी गडद मखमलीचा पट्टा आडवा टाका आणि उशाशी शोभेच्या उशांची उतरंड रचा. टिकल्यांची एक, झालरीची एक, लोकरीची एक, आणि लोडासारखी एक लांबडी. चादरी, अभ्रे पाहुण्यागणिक बदलतात. या टिकल्यांच्या उशा धुवायला गेलेल्या कुणी पाहिल्यात का? झोपताना माणूस त्या ठेवणार कुठे? खोलीत रिकामी जागा एकच, जमीन. सकाळी साफसफाईचा मुलगा त्या जमिनीवरून उचलणार, दोन थापा मारणार आणि पुन्हा त्या शुभ्र उशीला टेकवून ठेवणार. पुढच्या पाहुण्याने त्यावर गाल टेकला की तुमची सजावट सार्थकी लागली.

आरसा पलंगाच्या बरोबर समोर लावा. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाला सोबत होते.

कपाटाला दारं देऊ नका, हल्ली ती मागासलेपणाची खूण आहे. हँगर मोजके ठेवा, आणि तेही दांडीच्या कडीत कायमचे अडकवलेले, कारण पाहुणा चोर असतो.

प्लगची जागा पलंगाच्या मागे, गादी सरकवल्याशिवाय दिसणार नाही अशी.

आता दिवे. इथे हात आखडता घेऊ नका. छतात खड्डे पाडून बसवलेले दिवे, फॉल्स सीलिंगच्या कडेने पळणारी पट्टी, आरशामागे एक, कपाटात एक, चित्रावर एक, पलंगाखाली पाय टेकताच पेटणारा एक. बटणं मात्र साधी नकोत. काळ्या काचेची गुळगुळीत पाटी हवी, तिच्यावर चंद्र, सूर्य, पान, घंटा असली चित्रं. पानाचं चित्र दाबलं की काय होतं? आमच्या खोलीत पडदा सरकायचा. चंद्र दाबला की छतातले अर्धे दिवे विझायचे आणि कडेची पट्टी पेटायची. पुन्हा दाबला की पट्टी निळी व्हायची. निळी! झोपण्याच्या खोलीत! रात्रीच्या वेळी डोळ्यांत निळा उजेड गेला की झोप आणणारं मेलाटोनिन दबतं. डोळ्याच्या पडद्यातल्या ज्या पेशी शरीराला ‘दिवस आहे’ असं सांगतात त्या 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे नेमक्या निळ्या उजेडानेच सगळ्यात जास्त चाळवतात. म्हणून निजायच्या खोलीत 2700 केल्विनच्या आसपासचा पिवळसर दिवा लावावा, हे दिव्यांच्या दुकानातला पोऱ्याही सांगेल. पण फोटोत निळी पट्टी काय उठून दिसते!

आणि ती काळी पाटी स्वतःही रात्रभर चमकत राहते, बरं का. उशापासून वीतभर अंतरावर.

आई दहा वाजता झोपणारी. अकराला ती पदर डोळ्यांवर घेऊन बसली होती आणि मी चष्मा लावून पाटीवर बोटं आपटत होतो. सगळे दिवे गेले, कपाटातला राहिला. तो घालवायला गेलो तर बाथरूममधला लागला. शेवटी रिसेप्शनला फोन केला. त्यांनी एक मुलगा पाठवला. बिचारा भला होता. त्यानेही तीच चित्रं माझ्याच क्रमाने दाबून बघितली, मान खाजवली आणि म्हणाला, ‘‘सर, दाराजवळचं कार्ड काढून ठेवा, सगळंच बंद होतं.’’ झालं खरंच बंद. दिवे गेले, एसी गेला, मोबाइलचं चार्जिंग गेलं. अंधार हवा तर घामात झोपा, गारवा हवा तर उजेडात झोपा, यातलं काय ते पाहुण्याने निवडायचं. याला म्हणे वीजबचत!

1908 साली अमेरिकेत बफेलो शहरात एल्सवर्थ स्टॅटलर नावाच्या माणसाने हॉटेल उघडलं. त्याने प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम दिलं, तेव्हा ती चैन होती. पण मला त्याची दुसरी करामत जास्त मोठी वाटते. त्याने दिव्याचं बटण दाराच्या आत पाऊल टाकताच हाताशी येईल असं बसवलं, म्हणजे थकून आलेल्या माणसाला अंधारात चाचपडायला नको. किल्लीचं भोकसुद्धा मुठीच्या वर घेतलं, काळोखात सापडावं म्हणून. एकशे दहा वर्षं उलटून गेली की हो त्याला! त्या माणसाला जे कळलं ते तुमच्या डिझायनरला का कळत नाही? एक बटण. भिंतीवर. दाबलं की लागतं, दाबलं की विझतं. एक दारापाशी, एक उशापाशी. याच्यापुढे मानवजातीने या विषयात काहीही शोधायची गरज नव्हती.

असो. जरा घसरलो. सल्ला द्यायला बसलोय.

पडदे. जाड, अंधार करणारं भारी कापड घ्या, त्यावर वाट्टेल तेवढा खर्च करा, आणि मग दोन पाखं मध्यभागी एकमेकांना जेमतेम शिवतील इतकंच कापड घ्या. चार बोटं जास्त घेतलं आणि एक पाख दुसऱ्यावर चढलं तर उजेड कसा येणार? पडद्याची दांडी कडेला भिंतीपर्यंत वळवू नका, तिथूनही एक उभी तिरीप हवी. ती उशीवर कुठे पडते हे सूर्य बघून घेईल.

खुर्चीबद्दल थोडं. 1960 साली कोपनहेगनमध्ये सॅस रॉयल हॉटेल उघडलं, ते आर्ने याकोबसेन या वास्तुविशारदाने दाराच्या मुठीपासून काट्याचमच्यांपर्यंत स्वतः आखलं होतं. त्याने तिथे अंड्याच्या आकाराची खुर्ची आणली. तिची उंच गोल पाठ लॉबीच्या वर्दळीत बसणाऱ्याला आडोसा देते, हे त्या आकाराचं कारण. तुम्ही आकार उचला, कारण सोडून द्या. टणक प्लास्टिकमध्ये तीच खुर्ची काढा, खोलीच्या कोपऱ्यात ठेवा, शेजारी दिवा नको, टेबल नको. पाहुणा तिच्यावर पँट टाकतो.

आवाजाचं काय? दाराखाली बोटभर फट सोडा आणि दोन खोल्यांच्या सामाईक भिंतीत दोन्हीकडचे प्लग पाठीला पाठ लावून बसवा. आवाजाला एवढी वाट पुरते. शेजाऱ्याच्या घोरण्याची पट्टी समजली पाहिजे.

आता तुमच्या डिझायनरचं लाडकं अपत्य: काचेचं बाथरूम. याचं समर्थन तो असं करेल की हॉटेलात बाथरूम दाराच्या बाजूला, आतल्या अंगाला असतं, त्याला खिडकी नसते, काच लावली की खोलीतला उजेड आत जातो आणि छोटी खोली मोठी वाटते. खरं आहे सगळं. खोली मोठी वाटते आणि आतला माणूसही मोठा दिसतो. ही कल्पना मधुचंद्राला आलेल्या जोडप्यासाठी आहे असं कुणी म्हणालं, तर विचारतो की त्या जोडप्यातल्या एकाचं पोट बिघडणारच नाही, हे कुणी ठरवलं? आणि बाकीचे? कामानिमित्त एकत्र आलेले सहकारी, बहीणभाऊ, बाप आणि मोठी झालेली मुलगी, आई आणि चाळिशीचा मुलगा? हॉटेलात माणसं फक्त प्रेम करायला येतात का?

आमच्या काचेला पडदा होता, नाही असं नाही. पण त्याची दोरी खोलीच्या बाजूला! म्हणजे आत जाणाऱ्याने बाहेरच्यावर भरवसा ठेवायचा. आई आत जायची, मी पडदा सोडून खाली लॉबीत जाऊन बसायचो. तरी ती दहादा विचारायची, ‘‘दिसत नाही ना रे काही?’’ सत्तरी ओलांडलेल्या बाईला स्वतः पैसे मोजलेल्या खोलीत हे विचारावं लागतं. तुमच्या ब्रोशरमध्ये याला ‘मोकळेपणा’ असं म्हटलंय.

आतलं फार सांगत नाही. शॉवर डोक्यावर आणि त्याचा नळ बरोबर त्याच्या खाली, म्हणजे गरम-गार जुळवायचं तर आधी भिजा. अर्धीच काच, त्यामुळे पाणी उंबरठ्यापर्यंत. बेसिन म्हणजे ओट्यावर ठेवलेलं गोल भांडं, त्याच्या कडेला दात घासायचा ब्रशसुद्धा टेकत नाही. आरशावर दिवा फक्त वरून, त्यामुळे डोळ्यांखाली खड्डे आणि हनुवटीखाली काळोख. दाढी करताना चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी उजेड लागतो, हे दाढी करणाऱ्या कुणालाही विचारा. पकडायला दांडी? छे. ती आजारी माणसांसाठी असते, फोटोत वाईट दिसते. आई एका हाताने माझा खांदा आणि एका हाताने टॉवेलची कडी धरून बाहेर आली. टॉवेलची कडी भिंतीतून हलत होती.

इथे माझं उपहासाचं अवसान संपलं.

सरळ विचारतो. तुमच्यापैकी कुणी, मालकाने, डिझायनरने, मॅनेजरने, आपल्याच खोलीत एक रात्र काढलीय का? फोटोवाल्याबरोबर दुपारी उभं राहून नव्हे. रात्री उशिरा, जड बॅग ओढत, चष्मा काढून ठेवल्यावर, अंधारात बाथरूम शोधत. काढली असती तर पहिल्याच रात्री ही काळी पाटी उखडून फेकली असती. बॅग उघडी ठेवायला एक बाक दिला असता. उशाशी दिवा दिला असता, ज्याच्या उजेडात पुस्तक वाचता येतं आणि शेजारचा झोपू शकतो. हे अवघड नाही हो! याला पैसाही जास्त लागत नाही, उलट वाचतो. तुम्ही जे काढून टाकायला हवं त्याच्यावरच सगळा खर्च करताय.

आणि डिझायनर मंडळी, तुम्ही तर शिकलेली माणसं. पलंगाची उंची, पायरीची उंची, कुणाचा हात कुठवर पोचतो, हे सगळं कॉलेजात मोजायला शिकवतात ना? मग गुडघे दुखणाऱ्या माणसाला जवळपास जमिनीला टेकलेल्या पलंगावरून उठायला लावताना लाज कशी वाटत नाही? तुमच्या कामाची वाहवा करणारे तुमचेच भाऊबंद असतात, ते खोली बघतात आणि घरी जाऊन झोपतात. आम्हाला तिथेच झोपायचं असतं. प्रवासाला निघालेला माणूस दमलेला असतो, कुणी आजारी नातेवाइकाला बघायला आलेलं असतं, कुणाची सकाळी मुलाखत असते. त्याला तुमच्या कल्पकतेची परीक्षा द्यायची नसते. त्याला अंधार, शांतता, कडी लागणारं दार आणि हाताशी एक बटण हवं असतं. एवढंही जमत नसेल तर हॉटेल कशाला काढता? चित्रांचं दालन काढा, तिकीट लावा, संध्याकाळी बंद करून घरी जा.

पडद्याची ती दोरी आधी काचेच्या आत घ्या. त्याला डिझायनर लागत नाही, सुतार पुरतो. आणि टॉवेलची कडी पक्की करा, कुणाची तरी आई पडेल.