बडोद्याला बसून, सागरपुत्र यांना उत्तर

सागरपुत्र,

गोव्यातल्या दुसऱ्या घरांच्या मागणीवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना वर-खाली करायला नको म्हणून ती इथे जशीच्या तशी देतो: "बडोद्याला बसून गोव्याच्या बाजारावर लेक्चर झोडू नका. समुद्र आहे म्हणून मागणी आहे, जमीन वाढत नाही म्हणून भाव वाढतो, इतकं साधं आहे. व्याजदर, विमानतळ, कर हे पांडित्य एजंट लोकांना शिकवा. रिकाम्या घराच्या देखभालीवर तर एक अक्षर नाही."

"लेक्चर झोडू नका" हे मला लागलं. लेख पटला नाही तर तसं म्हणा, आकडा चुकीचा वाटला तर बरोबर आकडा द्या. स्वतः एकही आकडा न देता समोरच्याला गप्प बसायला सांगायचं, ही चर्चेची कुठली रीत? त्यातून टोपणनावामागे बसलेल्या माणसाने दुसऱ्याचा पत्ता काढायचा! काढलाच आहात तर ऐका. गृहकर्जाच्या फायलींतली कागदपत्रं बँकांसाठी तपासणं हा माझा धंदा आहे आणि गोव्याच्या फायली त्यात नेहमीच्या. आसगाव किंवा मोरजीचं घर घेणाऱ्याचा स्वतःचा पत्ता आसगाव-मोरजीचा क्वचितच असतो. तो असतो दिल्लीचा, मुंबईचा, पुण्याचा, बंगळूरचा. आणि हो, आमच्या बडोद्यातल्या अलकापुरीचा नि मांजलपूरचासुद्धा. घर किनाऱ्यावर उभं राहतं, पण ते घ्यायचं की नाही हे ठरतं जिथे पगार होतो आणि जिथे वडिलांचा जुना बंगला विकला जातो तिथे. ते बघायला बडोदं ही काही वाईट जागा नाही.

आता तुमचं मुख्य वाक्य. समुद्र आहे म्हणून मागणी आहे.

समुद्र गुहागरलाही आहे, वेळणेश्वरला आहे, हेदवीला आहे. वाळू, माड, सूर्यास्त, सगळं तेच. मग गुहागरला व्हिलाच्या जाहिराती उत्तर गोव्यासारख्या का दिसत नाहीत? आपल्या बडोद्याला तर वलसाडजवळचा तिथल हा किनारा त्याहून कितीतरी जवळ, वलसाडपर्यंत गाडीने गेलं की झालं. तरी लोक मला तिथलचे कागद दाखवायला आणत नाहीत, हजारेक किलोमीटरवरच्या गोव्याचे आणतात. तिथलची वाळू काळी आणि पाणी गढूळ, असं म्हणाल. (खाडीच्या तोंडाशी आणखी काय असणार? आणि संध्याकाळच्या पेल्याची सोय तिथे नाही हे कारण आपण सभ्यपणे दुसऱ्या नंबरवर ठेवू.) पण असं म्हणालात की नुसता समुद्र पुरत नाही हे तुम्हीच मान्य केलंत.

फरक पडतो तो तासांचा. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालेला माणूस रात्रीचं जेवण त्या घरात जेवू शकतो का, हा दुसऱ्या घराचा पहिला प्रश्न. अलिबागचं उदाहरण घ्या. तिथला समुद्र शेकडो वर्षांत बदललेला नाही. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी बोट सुरू झाली, १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू झाला, आणि दक्षिण मुंबईतल्या माणसासाठी अलिबाग सहलीचं ठिकाण न राहता शनिवार-रविवारचं घर झालं. गोव्यात तेच पेडणे तालुक्यात दिसतं. दाबोळीच्या जुन्या विमानतळावर उतरून मांद्र्याला जायचं तर झुआरी, मांडवी आणि शापोरा अशा तीन नद्या ओलांडायच्या, आणि मधे पर्वरीची वाहतूक. मोपाचा विमानतळ पेडण्यातच आहे, ५ जानेवारी २०२३ पासून तिथे विमानं उतरू लागली. मोरजी, मांद्रे, हरमल हे किनारे आधीही तिथेच होते.

आणखी एक. आसगाव किनाऱ्यावर नाही. पर्रा नाही, साळगाव नाही, पर्वरी तर महामार्गावरचं गाव. यातल्या बहुतेक घरांच्या गच्चीतून शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसते, लाटा नव्हेत. तरी तिथे गिऱ्हाईक आहे, कारण हणजूण-वागातोरला गाडीने जाता येतं, चांगली हॉटेलं जवळ आहेत, आणि आपल्याआधी आपल्यासारख्याच चारजणांनी तिथे घर घेतलेलं आहे. हे शेवटचं कारण लोक तोंडाने सांगत नाहीत. बाहेरचा माणूस सहसा तिथेच घेतो जिथे उद्या दुसऱ्या बाहेरच्या माणसाला विकता येईल. गुहागरला घर स्वस्त मिळेल, विकायला काढल्यावर गिऱ्हाईक कधी येईल याचा भरवसा नाही.

"जमीन वाढत नाही" हे खरं, पण तो पुरवठा झाला, मागणी नव्हे. घेणारे वाढले तर कमी जमिनीमुळे भाव जास्त चढतो. घेणारेच नसतील तर जमीन कितीही कमी असो, व्यवहार थांबतात. भाव उतरलेला कागदावर दिसत नाही, कारण मालक बोर्ड लावून दोन-दोन वर्षं वाट बघत बसतो. "भाव पडला नाही" याचा अर्थ "मागणी होती" असा काढणं म्हणजे बंद दुकानाच्या पाटीवरचा दर वाचून धंदा जोरात आहे म्हणणं.

शिवाय ही टंचाई समुद्राने केलेली नाही, बरीचशी कायद्याने केली आहे. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात येतो. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर, म्हणजे सीआरझेड-३ मध्ये, पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला बंदी. २०१९ च्या अधिसूचनेने त्यात दोन गट पाडले: २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा दाट वस्ती असेल तिथे हे अंतर ५० मीटर, बाकी ठिकाणी २०० च. आणि राज्याचा किनारा आराखडा नव्या अधिसूचनेप्रमाणे मंजूर होईपर्यंत जुनाच नियम. त्याच्या मागच्या जमिनीचं म्हणाल तर गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) आणि २०२४ मध्ये ३९-अ आलं, आणि हिरव्या पट्ट्यातले सर्व्हे नंबर बांधकामासाठी खुले होण्याच्या वाटा निघाल्या. त्यावर तिथले लोक रस्त्यावर आणि कोर्टात लढले, ते योग्यच. मुद्दा इतकाच, की तुमची "न वाढणारी" जमीन फायलीवर वाढते.

व्याजदराला तुम्ही पांडित्य म्हणालात, म्हणून एक हिशोब मांडतो. समजा घर ८० लाखांचं. कर्ज ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे ६४ लाख. घेणाऱ्याच्या हातात महिना दीड लाख येतात आणि बडोद्याच्या फ्लॅटचा २५ हजारांचा हप्ता चालू आहे. बँका साधारण निम्म्या उत्पन्नापर्यंत हप्ते चालवून घेतात असं धरा, म्हणजे नव्या हप्त्याला उरले ५० हजार. २० वर्षांच्या मुदतीत सात टक्क्यांनी ५० हजारांत साडेचौसष्ट लाख बसतात, काम झालं. नऊ टक्क्यांनी त्याच ५० हजारांत साडेपंचावन्न लाख. साडेआठ लाखांचं भोक पडलं. माणूस तोच, पगार तोच, समुद्र तोच. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उधार देते तो) मे २०२० ते मे २०२२ चार टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असल्यामुळे हा फरक हप्त्यात लवकर उतरतो. पहिल्या घरासाठी लोक पोटाला चिमटा काढतात. दुसऱ्या घरासाठी कोणी काढत नाही, ते सरळ "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात. म्हणून अशा बाजारात मागणी राहत्या घरांपेक्षा लवकर चढते आणि लवकर विरते.

आणि उरलेले १६ लाख? त्यावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी, जी कर्जाच्या हिशोबात धरत नाहीत, म्हणजे तीही खिशातून. ही रक्कम पगारातून साठवलेली मी कमी बघतो. ती बहुधा काहीतरी विकून येते, आणि इथे कर आत शिरतो. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५४ असं होतं: दोन वर्षांहून जास्त ठेवलेलं घर विकून झालेला नफा दुसऱ्या घरात घातला तर कर वाचतो, पण नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यायचं, बांधायचं तर तीन वर्षांत. तोवर पैसा आयकर विवरणपत्राच्या मुदतीआधी बँकेतल्या खास भांडवली नफा खात्यात टाकायचा. नुसता प्लॉट घेऊन चालत नाही. आता विचार करा, रावपुऱ्यातलं वडिलोपार्जित घर विकलं, भावाभावांत वाटणी झाली, वर्ष-दीड वर्ष निघून गेलं. हा गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. त्याच्या डोक्यावर तारीख असते आणि बिल्डरच्या माणसाला ते पहिल्या फोनमध्ये कळतं. दुसरं म्हणजे २०१९-२० पासून स्वतःच्या वापराची दोन घरं करमुक्त धरता येऊ लागली. त्याआधी गोव्याच्या कुलूपबंद घरावर न आलेल्या भाड्याचा कर भरावा लागे. याला पांडित्य म्हणायचं असेल तर म्हणा, फायली यावरच हलतात.

भाड्याच्या उत्पन्नाचं एका परिच्छेदात उरकतो, कारण तुम्ही त्यावर काही बोललाच नाहीत आणि खरा गोंधळ तिथेच आहे. त्याच ८० लाखांच्या घराला वर्षातल्या १२० रात्री ५ हजारांनी गिऱ्हाईक मिळालं असं धरू: ६ लाख. यातून घर चालवून देणाऱ्याचा हिस्सा, साफसफाई, चादरी, वीज, सोसायटी, दुरुस्ती गेली की तीन लाख उरले तरी नशीब. म्हणजे चार टक्क्यांच्याही आत, आणि कर्ज सात-नऊ टक्क्यांचं. पर्यटन खात्याकडे १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि काही सोसायट्या अशा पाहुण्यांना परवानगीच देत नाहीत, हे ताबा घेतल्यावर कळतं.

देखभालीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मी ते एका ओळीतच उरकलं होतं (एक अक्षर नाही हे मात्र खोटं, पुन्हा वाचा). तर घ्या. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतात. सळई गंजली की गंजाला जागा जास्त लागते, तो वरचं काँक्रीट फोडतो आणि स्लॅबच्या पोटातून पापुद्रे पडायला लागतात. म्हणून आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवेत उघड्या काँक्रीटला सळईवर किमान ४५ मिलीमीटर कव्हर (म्हणजे काँक्रीटचा थर) आणि एम-३० ताकदीचं मिश्रण हवं, लाटांचे तुषार लागत असतील तर ५० आणि एम-३५. बडोद्याच्या सवयीने वीस-पंचवीसचं कव्हर ठेवणारा ठेकेदार तिथेही तेच ठेवतो. रेलिंग-बिजागऱ्यांना ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील डाग धरतं, ३१६ मागा. एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल गंजरोधक लेपाची नसेल तर ती सर्वात आधी जाते. पावसाळ्यात बंद घरात गाद्या आणि प्लायवूडची कपाटं बुरशीने जातात. कपाटांची दारं उघडी ठेवून, गाद्या उभ्या करून जायचं आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी येऊन पंखे चालवायचे. तो "कोणीतरी" पगारी असतो. पण या सगळ्याने मागणी कमी होत नाही, कारण घेताना हे कोणी मोजत नाही. मोजतात ते तीन-चार पावसाळ्यांनंतर, आणि तेव्हा ते विकणाऱ्यांच्या रांगेत असतात.

एजंटांबद्दल आणि माझ्या हेतूंबद्दल जे सुचवलंत त्याला उत्तर देत नाही. मी दलाली घेत नाही आणि ते सिद्ध करत बसायला वेळही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर गुहागरचं उत्तर घेऊन या.

ता. क. याच लेखाखाली वाघोडिया रोडच्या एका ताईंनी नेमके कुठले कागद बघायचे ते विचारलंय, नीट भाषेत. ताई, सातबाऱ्याच्या जागी तिथे फॉर्म १ व १४ असतो. त्यात कुळाचं किंवा मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) नाव आहे का ते आधी बघा. १९७५ च्या मुंडकार कायद्याचं संरक्षण असलेल्या माणसाला पैसे देऊन सहज हलवता येत नाही. आपल्याकडे बिनखेती हुकूम (शेतजमीन बांधकामाला वापरायची परवानगी) असतो तशी तिथे सनद, १९६८ च्या जमीन महसूल संहितेखालची. ती तुमच्याच सर्व्हे नंबरच्या तुमच्याच भागाची आहे का ते नकाशाशी ताडून बघा. विकणारा विवाहित असेल तर नवरा-बायको दोघांची सही घ्या, कारण तिथल्या नागरी संहितेत मालमत्ता सहसा दोघांची सामाईक असते. वारसाहक्काने आलेलं जुनं घर असेल तर वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी आणि वाटणी, कोर्टात पूर्ण झाल्याचे कागद मागा. आणि "सध्या भातशेती आहे, पुढे बदलून देतो" असं कोणी म्हणालं तर बयाणा देऊ नका; २०२३ च्या कायद्यानंतर शेतकरी नसलेल्याला भातशेतीची जमीन विकता येत नाही.