सायबर वॉरगेम म्हणजे पोरखेळ नव्हे

यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: सायबर हल्ल्याचे वॉरगेम (काल्पनिक हल्ला मांडून कोण काय ठरवतं ते पाहायचा सराव) म्हणजे एसी हॉलमधला पोरखेळ, हल्ला सेकंदात होतो, तिथे माणूस काय ठरवणार, आणि खेड्याचा त्याच्याशी संबंधच काय? मला हे तिन्ही मुद्दे चुकीचे वाटतात, आणि शेवटचा तर घातक.

आधी सेकंदांचं पाहू. 23 डिसेंबर 2015 रोजी युक्रेनच्या तीन वीज वितरण कंपन्यांवर हल्ला झाला. हल्लेखोर कित्येक महिने आधीच आत शिरले होते. त्या दिवशी त्यांनी दुरून ब्रेकर पाडले आणि सुमारे 2 लाख 25 हजार ग्राहकांची वीज गेली. तक्रारी पोचू नयेत म्हणून कॉल सेंटरवर खोट्या फोनचा मारा केला. तरी काही तासांत वीज आली, कारण माणसं उपकेंद्रांवर गेली आणि ब्रेकर हाताने पुन्हा चालू केले. कॉम्प्युटरचा नाद सोडून हाताने काम करायचं, हे कोणी आणि कधी ठरवायचं? वॉरगेममध्ये असेच निर्णय तपासले जातात.

पोरखेळ म्हणणाऱ्यांनी अमेरिकन संशोधक जॅकलिन श्नायडर आणि सहकाऱ्यांचा वॉरगेमवरचा अभ्यास पाहावा. 580 खेळाडू, प्रसंग एकच. फक्त काही गटांना सांगितलं की शत्रूची अण्वस्त्र-नियंत्रण यंत्रणा हॅक करायचं साधन तुमच्या हाती आहे, काहींना नाही. ज्यांना ते मिळालं त्यांतल्या बहुतेकांनी ते वापरलं. खऱ्या संकटात अशी तुलना करायला मिळत नाही. एका खेळावरून भविष्य सांगता येत नाही, हे खरंच. पण निर्णय का घेतला ते खेळाडूला तिथल्या तिथे विचारता येतं.

आणि खेडं? कापसाचा चुकारा खात्यात येतो, सातबारा ऑनलाइन निघतो, हरभऱ्याचं ओलित फीडरच्या वेळेवर चालतं. हे थांबलं की पहिला फोन गावच्या लाइनमनलाच जातो.

असा खेळ तालुक्याला कागदावरही मांडता येतो. उपकेंद्राचा ऑपरेटर, लाइनमन, तहसीलदार, बँकेचे शाखाधिकारी, सरपंच, सगळे एका टेबलाशी. पहिली चिठ्ठी अशी: तीन उपकेंद्रं बंद, फोन लागत नाहीत, ग्रुपवर ‘धरण फुटलं’ असा मेसेज. पाच मिनिटांत ठरवा, पहिला माणूस कुठे पाठवायचा आणि गावाला काय सांगायचं.