डेल्सफर्डचे मालक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वॉरन हेस्टिंग्जच्या इंग्लंडमधल्या डेल्सफर्ड हाउसवरच्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : डेल्सफर्ड बाराव्या शतकापासून हेस्टिंग्ज घराण्याकडे असताना मी मालकांची यादी १७८८ पासून सुरू केली, लँड रजिस्ट्रीत (जमीन-मालकी नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयात) काही पौंड भरून जे कळतं त्यासाठी जुन्या दप्तरांचा खटाटोप केला, डेल्सफर्ड आज ज्या परगण्यात आहे त्या ग्लॉस्टरशरच्या सूचीत जुन्या नोंदी सापडत नाहीत, म्हणजे माझा आधारच संशयास्पद, आणि साळबाईचा तह करणाऱ्या गव्हर्नर जनरलच्या घराचं कौतुक मराठी माणसाने का करावं.

यादी १७८८ पासून आहे ती मुद्दाम. आज उभं असलेलं घर वास्तुरचनाकार सॅम्युअल पेपिस कॉकरेलने १७८८ ते १७९३ या काळात हेस्टिंग्जसाठी बांधलं. त्याआधी हे घरच नव्हतं, तर त्याचा मालक कुठून आणायचा? तुम्ही दिलेली मध्ययुगीन नावं बरोबर आहेत, पण ती मॅनरच्या धन्यांची आहेत. मॅनर म्हणजे जमिनीवरचे हक्क, कुळांकडून येणारा खंड आणि न्यायसभा भरवण्याचा अधिकार. हा हक्क घराला चिकटलेला नसतो, तो वेगळा विकता येतो, आजही विकला जातो. आपल्याकडे पाटीलकीचं वतन विकलं म्हणून वाडा विकला गेला असं कोणी म्हणत नाही, तसंच हे. दोन्ही याद्या एकाखाली एक चिकटवल्या की आठशे वर्षांची छान सलग साखळी तयार होते, आणि तिथेच घोळ होतो.

तिसरी यादी असते ती राहणाऱ्यांची. १७१५ मध्ये मॅनर ब्रिस्टलचा व्यापारी जेकब नाइट याच्याकडे गेलं. पण हेस्टिंग्ज मंडळी गावातून हलली नाहीत : वॉरनचे आजोबा तिथले रेक्टर, म्हणजे चर्चचे पाद्री, होते. नुसत्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, वह्या चाळल्या तर मालकी हेस्टिंग्जांकडेच राहिली असं खुशाल वाटेल. १७८० ते १८३२ या काळातल्या जमीन कराच्या याद्या मला म्हणूनच आवडतात. त्यांत मालक आणि कब्जेदार यांचे रकाने वेगळे असतात.

आडनाव बदलणं म्हणजे विक्री, असंही नाही. हेस्टिंग्ज १८१८ मध्ये वारला, पत्नी मारियन १८३७ मध्ये. त्यानंतर घर तिच्या पहिल्या लग्नाच्या मुलाकडे, चार्ल्स इमहॉफकडे आलं. नाव नवं, व्यवहार मात्र झालेला नाही. विक्री झाली ती १८५३ मध्ये, ग्राइजवुड नावाच्या गृहस्थाला.

लँड रजिस्ट्रीबद्दल. तिथला उतारा आजचा मालक सांगतो. संपूर्ण इंग्लंड-वेल्समध्ये विक्रीनंतरची नोंदणी सक्तीची झाली ती १ डिसेंबर १९९० पासून; त्याआधीपासून पिढ्यान् पिढ्या न विकलेलं घर आजही नोंदीबाहेर असू शकतं. त्यातच १९२५ च्या कायद्याने वकिलांना मालकीची मागची ३० वर्षंच तपासणं पुरेसं ठरवलं, १९६९ मध्ये ती १५ झाली. मग जुनी खरेदीखतं सांभाळायची कशाला? कित्येक पेट्या रद्दीत गेल्या. मॅनरच्या दप्तरांचं नशीब थोडं बरं : १९२६ पासून ती कायद्याच्या संरक्षणाखाली आली, आणि कोणती कुठे आहेत याची सूची लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे मिळते. 'खटाटोप' तिथून सुरू होतो.

ग्लॉस्टरशरचं उत्तर सोपं आहे. १९३१ पर्यंत डेल्सफर्ड वुस्टरशरमध्ये होतं, मुख्य परगण्यापासून तुटून पडलेला एक तुकडा. जमीन कर असो की टाइदचे (चर्चला द्यायच्या दशांश कराचे) नकाशे, वुस्टरशरच्या नावाखाली शोधा. आजच्या नकाशावरून जुना जिल्हा ठरवणारे पुष्कळ जण इथे अडखळतात.

कौतुकाचं म्हणाल, तर लेखात ते मला तरी दिसत नाही. मालमत्ता ताब्यात आली त्याच १७८८ मध्ये हेस्टिंग्जवर संसदेत महाभियोगाचा खटला उभा राहिला. बनारसचा राजा चैतसिंग आणि अवधच्या बेगमा यांच्याकडून पैसे उकळल्याचे आरोप ही त्यातली मोठी प्रकरणं. १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला, पण खर्चाने पार पिळून निघाला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने वर्षाला ४,००० पौंडांची नेमणूक आणि ५०,००० पौंडांचं कर्ज दिलं, त्यावर डेल्सफर्ड तगलं. ते पैसे कुठल्या मुलखातून आले होते हे तुम्हाला मी सांगायला नको. मला हे घर शोधावंसं वाटलं ते त्यासाठीच. (आणि १९८८ पासून ते बॅमफर्ड कुटुंबाकडे आहे, म्हणजे आपल्या रस्तोरस्ती खोदकाम करणाऱ्या जेसीबीवाल्यांकडे!)

तुमच्याकडची मॅनरच्या धन्यांची यादी मी लेखाच्या शेवटी स्वतंत्र मथळ्याखाली जोडायला तयार आहे. प्रत्येक नावापुढे कागद कोणता आणि कोणत्या सालचा, तेवढं लिहून पाठवा.