बाराशे माणसं, शून्य सिग्नल आणि आमचा लुकलुकता पिवळा

डिसेंबरच्या शेवटी मंद्या अमेरिकेतल्या सनीव्हेलवरनं आला की कट्टा फुल असतो. एरवी आम्ही चार टाळकी, तो आला की सात-आठ. कट्टा म्हणजे जुन्या जकात नाक्याची पायरी. जकात कधीच गेली, खोली तेवढी राहिली, शेजारी वैशालीवहिनींची चहाची टपरी आणि बरोब्बर समोर चौक. दीड वर्षापूर्वी या चौकात सिग्नल बसवला, नारळ फुटला, पेढे वाटले, पेपरात फोटो आला. तीन आठवडे चालला. तेव्हापासून चारी बाजूंनी पिवळा लुकलुकतोय, दिवसा, रात्री, दिवाळीत, पाडव्याला, आणि खालनं ऊसाच्या ट्रॉल्या, वडाप, एसटी, पोरांच्या सायकली आधी जायच्या तशाच जातायत.

विषय तिथनंच निघाला. सच्या म्हणला, लाज वाटते राव, तालुक्याचं गाव आणि एक सिग्नल धड चालत नाही, मंद्याच्या तिकडं लोक हसतील आपल्याला.

मंद्या म्हणला, कोण हसणारे? मी सप्टेंबरात अख्खी काउंटी पालथी घालून आलो, एक सिग्नल नाही. बंद पडलेला पण नाही. बसवलेलाच नाही.

पिंट्या (वडाप चालवतो, वय तीस, अनुभव साठचा) म्हणला, फेकतोय. अमेरिकेत आणि सिग्नल नाही? अरे तिकडं कुत्रं सुद्धा झेब्रावरनं जातं म्हणतात.

मग मंद्याने नीट सांगितलं. कॅलिफोर्नियात अल्पाइन नावाची काउंटी आहे, काउंटी म्हणजे आपला जिल्हा समज, आकाराने जवळजवळ १९०० चौरस किलोमीटर, आपले दोन तालुके आरामात बसतील, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं किती, तर १२०४. एक हजार दोनशे चार. पिंट्या म्हणला, आमच्या भावकीत जास्त आहेत. मार्कलीव्हिल हे जिल्ह्याचं ठिकाण, तिथं कोर्ट आहे, एक दुकान आहे, दोन-चार खायची ठिकाणं, आणि एक तिठा, तिथं लाल अष्टकोनी पाटी, स्टॉप. संपलं. मंद्या हायवे ८८ ने कार्सन पासवरनं उतरला, तिथनं ८९ ने मार्कलीव्हिल, आणि परतताना हायवे ४ ने एबेट्स पास चढला, तो घाट तर असा की मधली पिवळी रेघ पण मारलेली नाही, समोरनं गाडी आली की दोघांनी कडेला सरकायचं. "आपल्या वरंध्यात आल्यासारखं वाटलं," असं म्हणला, तेव्हा कुठं पिंट्याचा विश्वास बसला.

आणि तेवढी एकच नाही म्हणे. त्याच राज्यात ट्रिनिटी काउंटी, माणसं सोळा हजार, क्षेत्रफळ आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर, सिग्नल शून्य. मॅरिपोसा, जिच्यात योसेमिटी नॅशनल पार्कचा मोठा भाग येतो, जगभरनं लाखो लोक येतात, तिथं पण कायमचा सिग्नल एकही नाही. आणि सगळं डोंगरातच असंही नाही, पार पूर्वेला व्हर्जिनियात समुद्राकाठी मॅथ्यूज म्हणून आहे, साडेआठ हजार वस्ती, सपाट जमीन, तिथंही नाही.

आता इथं शिरीष सर पेटले. सर मराठी शिकवतात आणि शिस्त हा त्यांचा आवडता शब्द. म्हणाले, हेच ते! समाज सुसंस्कृत असला की दिवे लागत नाहीत, माणूस स्वतःच थांबतो, आपल्याकडं पोलीस उभा असला तरी थांबत नाही, फरक संस्कारांचा आहे. आणि मग जपान, मग गाडगेबाबा, मग पुन्हा जपान. चहा आला म्हणून थांबले.

अप्पा इतका वेळ गप्प होते. अप्पा बांधकाम खात्यातनं डेप्युटी इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, आम्हा सगळ्यांपेक्षा वीस वर्षांनी मोठे, बशीतनं चहा पितात आणि बशी खाली ठेवल्याशिवाय बोलत नाहीत. बशी ठेवली. म्हणाले, सर, संस्कारांचा काही संबंध नाही. हिशोबाचा आहे.

मंद्याने फोनवर शोधून दिलं आणि अप्पांनी समजावलं ते असं. अमेरिकेत सिग्नल कुठं बसवायचा याचं एक सरकारी नियमाचं पुस्तक आहे, त्यात नऊ कसोट्या आहेत, कुठलीच लागू होत नसेल तर बसवू नका, आणि एखादी लागू झाली म्हणून बसवायलाच पाहिजे असंही नाही. पहिली कसोटी गाड्यांची. मोठ्या रस्त्यावर दोन्ही बाजू मिळून तासाला ५०० गाड्या, आणि आडव्या रस्त्याच्या जास्त गर्दीच्या बाजूला तासाला १५०, असं दिवसातले आठ तास. हे साध्या एकपदरी येण्या-जाण्याच्या रस्त्यांचं. दहा हजारांपेक्षा कमी वस्तीचं एकाकी गाव असेल तर सत्तर टक्क्यांवर भागतं, म्हणजे ३५० आणि १०५. आता अप्पांनी काडेपेटीवर गुणाकार मांडला. ३५० अधिक १०५ झाले ४५५, गुणिले आठ, ३६४०. भागिले बाराशे. तीन. म्हणजे तान्ह्या बाळासकट, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीसकट, काउंटीतल्या प्रत्येकाने स्वतंत्र गाडी काढून एकाच चौकातनं रोज तीन वेळा जायचं, तेव्हा कुठं एक सिग्नल बसेल. टुरिस्ट असतात, पण ते उन्हाळ्यात आणि बर्फात, रोज आठ तास नाहीत. "आता यात संस्कार कुठं बसवता ते सांगा," अप्पा म्हणाले.

सर म्हणाले, पण पाटीवर थांबतात की नाही?

मंद्या म्हणला, थांबतात, आणि त्याचं कारण पण सांगतो. चौकात चारी बाजूंना स्टॉपची पाटी असली की नियम सोपा, जो आधी आला तो आधी जाणार, दोघं एकदम आले तर उजवीकडच्याला जाऊ द्यायचं. चार-पाच गाड्यांना हे जमतं. पन्नास गाड्या आल्या की तिथलाही माणूस विसरतो कोण आधी आलं ते, हॉर्न सुरू होतात, बोटं दाखवतात, माझ्या ऑफिसजवळ रोज बघतो मी. पिंट्या म्हणला, आपल्याकडं पण नियम आहे की, जो मोठा तो आधी. ट्रक, मग एसटी, मग मी.

एवढ्यात वैशालीवहिनींनी टपरीतनं विचारलं, मंदार, सिग्नल नाही ते ऐकलं, मग तिथं आहे काय?

आणि मंद्या जरा अडखळलाच. म्हणला, वहिनी, तसं म्हणाल तर बँक नाही. एटीएम नाही, मीच हिंडलो शोधत. दातांचा डॉक्टर नाही. हायस्कूल नाही, पोरं बसने डोंगर उतरून शेजारच्या नेवाडा राज्यात जातात शाळेला. हिवाळ्यात एबेट्स पास बर्फाने बंद होतो, नोव्हेंबरच्या आसपास जो बंद होतो तो मेपर्यंत, त्यामुळं त्याच काउंटीतल्या बेअर व्हॅलीच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी कामाला यायचं तर डोंगराला भला मोठा वळसा घालून यावं लागतं. वहिनी म्हणाल्या, म्हणजे दाढ दुखली की घाट उतरायचा. मग सिग्नल नाही ते एकच का मिरवता? आणि गाळणं आपटायला लागल्या.

मला हे जाम पटलं. कारण तिकडं हे खरंच मिरवतात, मंद्याने दाखवलं, आमच्याकडं एकही ट्रॅफिक लाइट नाही या टूरिझमवाल्यांच्या जाहिराती, जसं आपल्याकडं हॉटेलवाले चुलीवरचं लिहितात. शहरातला माणूस सिग्नलला वैतागलेला असतो, त्याला शून्य सिग्नल म्हणजे स्वर्ग वाटतो. चांदीच्या खाणी जोरात होत्या तेव्हा, १८६४ ला, ही काउंटी झाली, हजारो लोक आले, सिल्व्हर माउंटन म्हणून शहर उभं राहिलं, तेच जिल्ह्याचं ठिकाण होतं. चांदी बसली, लोक गेले, आज तिथं जेलच्या दगडी भिंती उरल्यात. माणसं निघून गेली म्हणून रस्ता मोकळा आहे, आणि फोटोत तो रस्ताच दिसतो.

सच्याने नवीन मुद्दा काढला, पण अॅक्सिडेंट तरी कमी असतील ना, मोकळा रस्ता. अप्पांनी मान हलवली. अमेरिकेत साधारण वीस टक्के लोक ग्रामीण भागात राहतात आणि रस्त्यावर मरणाऱ्यांतले चाळीस टक्क्यांच्या आसपास तिथे मरतात. स्पीड, अंधार, बेल्ट न लावणं, आणि दवाखाना लांब. पिंट्या एकदम गप्प झाला, त्याने मागच्या वर्षी ओढ्याजवळचा तो अपघात पाहिला होता, ॲम्ब्युलन्स यायला पाऊण तास लागला होता.

सर म्हणाले, झालं तर मग, सिग्नल पाहिजेतच. अप्पा म्हणाले, परत घाई. सिग्नल हे वाहनांना आळीपाळीने वाट द्यायचं यंत्र आहे, जीव वाचवायचं नाही. फिलाडेल्फियासारख्या मोठ्या शहरात सुद्धा गरज नसलेले जवळपास २०० सिग्नल काढून सगळ्या बाजूंना स्टॉपच्या पाट्या लावल्या, तर अपघात २४ टक्क्यांनी कमी झाले. उगाच बसवला की मागनं धडका वाढतात, आणि लोकांना कळतं की हा उगाच आहे, मग जिथं खरंच गरज आहे तिथला पण पाळत नाहीत. हे म्हणताना अप्पांनी समोरच्या पिवळ्याकडं बघितलं नाही, पण आम्ही सगळ्यांनी बघितलं.

मग मंद्याने दोन किस्से सांगितले, त्यातला पहिला माझा आवडता. मॅरिपोसात कायमचा सिग्नल नाही म्हणतात ना, त्यातली मेख त्या कायमच्या या शब्दात आहे. २००६ च्या एप्रिलमध्ये योसेमिटीकडं जाणाऱ्या हायवे १४० वर अख्खी दरड आली, रस्ता गाडला गेला. मग नदीच्या पलीकडनं वळसा काढला, दोन तात्पुरते पूल, एकेरी वाट, आणि दोन्ही टोकांना सिग्नल. एका बाजूच्या गाड्या सुटेपर्यंत दुसरी बाजू नदीकडं बघत बसणार. मंद्या २०१७ ला तिथनं गेला तेव्हा तो तात्पुरता सिग्नल तिथंच होता. अकरा वर्षं! आयला म्हणजे तात्पुरतं हे सगळ्या जगात तात्पुरतंच असतं तर. पण अप्पांनी लगेच टिपलं, की बघा, बाराशे माणसांची काउंटी असो की कुणाची, जिथं दोन गाड्यांना समोरचं दिसत नाही आणि वाट एकच आहे, तिथं दिवा लागलाच आणि लोक मुकाट थांबले. "मी इंजिन बंद करून चिवडा खाल्ला," मंद्या म्हणला.

दुसरा किस्सा आयडाहोचा. वॉलेस म्हणून जुनं खाणीचं गाव. सिॲटल ते बॉस्टन एवढा लांब हायवे, आय-९०, त्याच्यावर शेवटचा उरलेला सिग्नल या गावात होता. गावातनं मोठा रस्ता न्यायचा तर जुन्या इमारती पाडाव्या लागणार, लोकांनी त्या वारसा यादीत घातल्या, मग सरकारला गावाच्या कडेनं, वरनं उड्डाण रस्ता न्यावा लागला. १९९१ च्या सप्टेंबरात तो सुरू झाला आणि खालचा सिग्नल बिनकामाचा झाला. तर गावाने त्याची रीतसर अंत्ययात्रा काढली, शवपेटीत ठेवला, आता पेटीसकट म्युझियममध्ये आहे.

पिंट्या उठून उभाच राहिला. म्हणला, आपण पण करू. तिरडी मी बांधतो, मडकं सच्या धरेल. सच्या म्हणला, अरे तो मेला कुठंय, डोळे मिचकावतोय. वहिनी म्हणाल्या, दहावं पण घालाल, आणि चहाचं बिल?

सर मात्र हट्टाला पेटले होते. आपला चौक, आपल्याला सिग्नल पाहिजे की नको ते सांगा, अमेरिका राहू द्या. अप्पा म्हणाले, मोजलंय का कुणी? आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. सिग्नल बसला, बंद पडला, निवेदनं गेली, व्हॉट्सअॅपवर दीड वर्ष शिव्या झाल्या, पण बसून गाड्या कुणीच मोजल्या नव्हत्या. मग वहिनींकडनं खडू घेतला, उधारी लिहायचा, आणि नाक्याच्या भिंतीवर चार रकाने आखले, पंधरा मिनिटं मोजायची आणि चारने गुणायचं ठरलं. मी कारखान्याकडची बाजू घेतली. पहिल्या पाच मिनिटांत मोटारसायकली एवढ्या झाल्या की रकाना पुरेना, अप्पा म्हणाले दुचाकी अर्धी धरा. ठीक. मग दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. पिंट्या म्हणला एक, सच्या म्हणला तीन, अप्पा म्हणाले कुठलं वाहन किती मोटारींएवढा रस्ता अडवतं त्याच्या आपल्या भारतीय कोष्टकात ट्रॉलीवाला ट्रॅक्टर साडेचार मोटारींचा, दोन ट्रॉल्यांचं मला आठवत नाही. मागोमाग ऊसाची बैलगाडी. "ती आठ," अप्पा शांतपणे म्हणाले.

आठ? सर म्हणाले. बैलगाडी म्हणजे आठ मोटारी?

आठ.

मंद्या हसून हसून लाल. म्हणला, अप्पा, मग गळिताच्या हंगामात आपल्याला सिग्नल लागतो आणि पावसाळ्यात नाही. अप्पा म्हणाले, असं पण असू शकतं. सर म्हणाले हे चीटिंग आहे. तेवढ्यात बैलगाडीचा बैल बरोब्बर चौकाच्या मधोमध थांबला, ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न धरला, एसटी आडवी झाली, मागं वडाप, पिंट्याच्याच भावाचं, आणि पिंट्या खडू टाकून तिकडं पळाला, दोन्ही हात वर करून एसटीला मागं घे मागं घे करत. तेराव्या मिनिटाला मोजणी बंद पडली. भिंतीवर माझ्या रकान्यात दोनशे सहा आहेत, त्यात बैलगाडी धरलेली नाही, कुणाला उद्या संध्याकाळी वेळ असेल तर सहा वाजता या, खडू वहिनींकडं आहे.